ओके येईपर्यंतचा हिवाळा

काल दुपारी केदारखेड्याहून गयाबाईंचा फोन आला. "आल्या बरं का," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, माहेरवाशिणी आल्या. पण थंडीच्या दिवसांत गयाबाई असं म्हणतात तेव्हा रेशमाच्या अळ्या आलेल्या असतात. दोनदा कात टाकून झालेल्या, कागदावर जिरं सांडावं तशा. आता पुढचे तीन आठवडे त्यांच्या घरी कुणी उदबत्ती लावणार नाही, कुणी तंबाखू मळणार नाही, आणि विठ्ठलभाऊ, म्हणजे गयाबाईंचे यजमान, शिंक आली तरी आधी अंगण ओलांडून बांधावर जातील.

मी फोन ठेवला आणि समोरच्या टेबलावर पडलेल्या मॉड्यूलला उगाचच विचारलं, "एटी?" ते म्हणालं, "ओके." मला बरं वाटलं. इतकी वर्षं झाली, तरी दिवसातून आठ-दहा वेळा मी असं विचारते. काम काही नसतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. मॉड्यूल म्हणजे शंकरपाळ्याएवढा चौकोनी तुकडा. पोटात सिमकार्ड, शेपटाला अँटेना. आपल्या फोनमधून काच, बटणं, फोटो, गाणी, सगळं काढून घेतलं तर जे उरेल ते. त्याला शेतातल्या डब्यात बसवायचं, म्हणजे ते तिथलं तापमान नाहीतर पंपाची खबर इंटरनेटवरून धाडत राहतं. पण त्याला स्वतःहून काही सुचत नाही. एकेक आज्ञा द्यावी लागते आणि प्रत्येक आज्ञेला ते जबाब देतं. सगळ्यात पहिली आज्ञा नुसती "एटी". म्हणजे लक्ष आहे का, इतकंच. आमच्या गावी दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकण्याआधी "कोण आहे का गो घरात?" म्हणतात, तसं. घरातून ओ आली की पुढचं बोलायचं.

माझं गाव इथून फार लांब, राजापूरकडे, खाडीच्या काठाला. नववीत इंग्रजी आणि गणित या दोघांनी संगनमत करून मला घरी बसवलं. त्यानंतर मी काजू सोलले, आंब्याच्या पेट्यांना खिळे मारले, आणि एका डिसेंबरात ताईच्या बाळंतपणासाठी जालन्याला आले. भावोजींची नोकरी बदलीची. ती दोघं तेव्हा इथं होती. दीड महिना राहायचं ठरलं होतं. आईनं बरोबर इतकी सोलं आणि कुळथाचं पीठ दिलं होतं की एसटीच्या कंडक्टरनं मला व्यापारी समजून सामानाची चौकशी केली.

आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी खाडीवर जरा धुकं, आणि नारळाचं तेल बाटलीत थिजलं की म्हाताऱ्यांनी एकमेकांना बोलावून दाखवायचं. इथली थंडी आली आणि टाचा उलायला लागल्या. ओठ फुटले, हाताची कातडी पापडासारखी झाली. हवेत पाणी म्हणून नाही. पहिले काही दिवस मी घसा कोरडा पडला की घाबरून ताईला विचारायची, "मला काहीतरी झालंय का गं?" ती बाळाला पायावर घेऊन तेल लावता लावता म्हणायची, "काही झालेलं नाही. पाणी पी."

पारसशेठचं दुकान ताईच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत होतं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. शेठ पंपाचे स्टार्टर विकायचे, आणि आता नवा नाद म्हणून मोबाइलवर चालणारे डबे बनवायचे. त्यांना सोल्डरिंगला माणूस पाहिजे होतं. मी बाळाचं खेळणं दुरुस्त करायला म्हणून गेले आणि तिथेच उभी राहिले, कारण सोल्डरचा धूर नाकात शिरला आणि पावसाळ्याआधी होडीला राळ लावतात तो वास आला. शेठ म्हणाले, "काय बघून राह्यली बेटा? येतं का?" मी म्हणाले, "येत नाही. पण हात कापत नाही माझा." ते खोटं होतं. माझं सगळंच कापतं, फक्त हातात बारीक काम असलं की थांबतं.

डब्यांचं काम आधी ज्या मुलाकडे होतं तो पुण्याला गेला होता. जाताना एक वही ठेवून गेला. शंभर पानी, पहिल्या पानावर गणपती, आणि आत सगळ्या आज्ञा देवनागरीत. "एटी, अधिक, सीएसक्यू." "एटी, अधिक, सीआरईजी, प्रश्नचिन्ह." समोर जबाब, आणि जबाबाचा अर्थ. त्याचंही इंग्रजी माझ्याच वर्गातलं असावं. शेठनी ती वही मला दिली आणि म्हणाले, "ही पोथी. पाठ कर. आणि बिलकुल टेन्शन घेऊ नको." त्या दोन सूचनांपैकी पहिली मी आठवड्यात पाळली.

पाठांतर मला येतं. आरत्या, पाढे, कुणाच्या लग्नात कुणी काय नेसलं होतं. त्यामुळे मी भाकरी थापताना, बाळाला जोजवताना पुटपुटत राहायची. ताई म्हणायची, माझा मुलगा आईच्या आधी "एटी" म्हणायला शिकेल.

त्या वहीतली मला सर्वांत आवडलेली आज्ञा म्हणजे नाव नोंदलं का ते विचारायची. मॉड्यूल नेटवर्कच्या दाराशी जातं, आपली ओळख सांगतं आणि मग आत घेतलं की नाही ते आपल्याला एका आकड्यात कळवतं. शून्य म्हणजे नाही घेतलं. दोन म्हणजे शोधतोय. तीन म्हणजे हाकललं. एक म्हणजे घेतलं, घरचाच आहे. आणि पाच म्हणजे घेतलं, पण परमुलखातला आहे. वहीत पाचच्या पुढे लिहिलं होतं, "हेही चालतं. काम सारखंच करतो." ती ओळ वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेठना वाटलं सोल्डरचा धूर गेला. त्यांनी पंखा लावून दिला. डिसेंबरात.

पण वहीवर पुरता विश्वास टाकावा तर तिची काही पानं उंदरानं खाल्लेली. सिग्नल किती ते विचारायची आज्ञा होती, समोर "जितका जास्त तितका चांगला, एकतीसपर्यंत" असं होतं, आणि त्यापुढचा कोपरा गेलेला. मला रोज चौदा, पंधरा पडायचे. म्हटलं, आपल्याला शाळेतही एवढेच पडत. मग एका सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत मॉड्यूल लावलं, विचारलं, आणि जबाब आला नव्व्याण्णव.

नव्व्याण्णव! जन्मात मला कशातही नव्व्याण्णव पडले नव्हते. मी धावत शेठकडे गेले. त्यांच्यापुढे दोन गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यादेखत मी सांगितलं, "शेठ, सिग्नल एकतीसच्या पुढे गेला. नव्व्याण्णव झाला!" शेठनी चहा मागवला, गिऱ्हाइकांना म्हणाले, बघा, कोकणातून माणूस आणलंय. मग मागे येऊन त्यांनी अँटेना उचलून बघितली. ती टेबलावर वेगळी पडलेली होती. मॉड्यूलला मी ती जोडलीच नव्हती. नव्व्याण्णव म्हणजे काहीही ऐकू येत नाही. शेठनी ती जोडून ठेवली. चहा सगळ्यांना दिला, मलाही दिला. तो चहा मी अजून विसरलेले नाही.

त्याच आठवड्यात भावोजींची बदली आली. महिनाअखेरीस बिऱ्हाड रत्नागिरीला. आई फोनवर म्हणाली, "बरा झाला गो. तू पण त्यांच्याच गाडीतून ये. काजू सुरू होतील." मी "हो" म्हणाले आणि पलीकडच्या खोलीत जाऊन उभी राहिले. मला जायचं नव्हतं. हे कुणाला सांगावं ते कळेना, कारण मला कशाचा तरी हट्ट आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मला स्वतःलाच त्या दिवशी कळलं.

शेठना मी विचारलं. सरळ नाही, मी सरळ काही विचारू शकत नाही. म्हटलं, "शेठ, पुढच्या महिन्यात सोल्डरचं रीळ आणायचं का, की मी असेपर्यंतचं पुरेल?" ते हसले. म्हणाले, "केदारखेड्याला गयाबाईच्या शेडमध्ये तुझा पहिला डबा बसवायचा आहे. एक बॅच बराबर चालव. शेवटचे तीन दिवस सलग, एकदा पन तुटलं न्हाई पायजे. मंग रिळाचं बघू." म्हणजे तेवढं जमलं तर मी इथं, नाहीतर ताईच्या टेंपोत, गादीच्या वळकटीशेजारी.

भोकरदनच्या एसटीनं मी केदारखेड्याला उतरले तेव्हा गयाबाई शेडच्या दारात कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि पुढे येऊन वास घेतला. खरंच घेतला.

"पावडर लावली?"

"थोडी."

"जा, हौदावर तोंड धू. केसाला काय हाय?"

"खोबरेल."

"ते चालंल. नाव काय?"

"सुगंधा."

गयाबाई विठ्ठलभाऊंकडे वळल्या. "घ्या. शेठनं सुगंधा धाडली. नाव भाईर ठिव पोरी, पाय ब्लिचिंगमधी बुडीव, आन मंग आत ये."

मी पाय बुडवले, उललेल्या टाचा अशा चुरचुरल्या की डोळ्यांपुढे राजापूर आलं, आणि आत गेले. आत तीन मजली मांडण्या, त्यांवर तुतीच्या हिरव्या फांद्या, आणि फांद्यांखाली लक्ष दिलं तरच दिसणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या हजारो रेषा. वास कापलेल्या गवताचा आणि चुन्याचा. वर पत्रा. मी विचारलं, सिग्नल तीन. पत्र्याखाली सिग्नल बसत नाही. म्हटलं, "भिंतीला एक छोटं भोक पाडून अँटेना बाहेर काढूया?"

शेडमध्ये मोठ्यानं बोलत नाहीत म्हणून, नाहीतर गयाबाई काय ओरडल्या असत्या कुणास ठाऊक. त्या कुजबुजत्या आवाजात ओरडल्या. "भोक? उझी माशीला आवतन देती का? एक माशी आत आली तर अळीच्या अंगावर अंडी घालून सगळी बॅच खलास. भोक म्हनं. तुझ्या डब्याला पाडीन भोक!"

विठ्ठलभाऊ मध्ये पडले. बिचारे सदा मध्येच पडलेले असायचे. "अगं, ती नवी हाय."

"तुमी गप बसा. डबा बसला की तुमी सुटले, म्हनून बोलून राह्यले."

मला नंतर समजलं की डबा येण्याआधी शेडमधलं तापमान मोजायचं काम विठ्ठलभाऊंकडे होतं. भिंतीवर काचेचा तापमापक होता, पण गयाबाईंचा त्यावर भरवसा नव्हता. पहाटे त्या नवऱ्याला शर्ट काढून शेडच्या मधोमध उभं करायच्या. पोटावर काटा आला की शेगडी आत न्यायची. "लगीन झाल्यापासून एकच काम बराबर करतो हा मानूस," त्या म्हणायच्या, आणि विठ्ठलभाऊ ते कौतुक म्हणून घ्यायचे.

शेवटी डबा दारालगतच्या छोट्या खोलीत, माशीच्या जाळीच्या आत बसला, आणि तापमान मोजायची वायर तेवढी आत गेली. सिग्नल अकरा. मी वहीतली पोथी अक्षर न अक्षर डब्यात भरली होती: हाक मार, नाव नोंदलं का बघ, इंटरनेट उघड, शेठच्या सर्व्हरशी जोड, तापमान पाठव. ओके, ओके, ओके. प्रत्येक ओकेला मी मनात "थँक्यू" म्हणत होते. गयाबाईंच्या मोबाइलवर चोवीसचा आकडा उमटला. त्यांनी विठ्ठलभाऊंना उभं केलं, पोट पाहिलं आणि म्हणाल्या, "बराबर हाय."

अळ्या एकदा मोठ्या व्हायला लागल्या की थांबत नाहीत, आणि थांबतात तेव्हा पूर्ण थांबतात. कात टाकायची वेळ आली की खाणं सोडतात, मान वर धरून बसून राहतात, दिवसभर, कुणी प्रार्थनेला बसावं तशा. मला पहिल्यांदा वाटलं मेल्या. मी एकीला बोट लावायला गेले तर गयाबाईंनी माझा हात वरच्या वर धरला. "मोल्टवर बसल्यात. आता पाला टाकायचा न्हाई, हलवायचं न्हाई, बोट लावायचं न्हाई. ह्या टायमाला ज्यानं जास्त माया केली त्यानं बॅच मारली." मी हात मागे घेतला. मला स्वस्थ बसलेलं काही बघवत नाही. आमच्या घरी कुणी दुपारी झोपलं तरी मी श्वास चालू आहे ना ते बघून येते.

आणि डबा तुटायला लागला.

दहा मिनिटांनी एक आकडा यायला हवा. एक यायचा, मग अर्धा-अर्धा तास काही नाही, मग एक, मग पुन्हा गडप. एका पहाटे शेड सतरावर गेली आणि डबा मुका. विठ्ठलभाऊंच्या पोटानं बॅच वाचवली. गयाबाईंनी शेठना फोन केला, शेठनी मला बोलावलं आणि फक्त म्हणाले, "मंग डबा कशाला पायजे, बेटा? विठ्ठललाच सिम टाकू."

मी एसटीनं धावले. केबल लावली, जुन्या लॅपटॉपवर डब्याचं बोलणं वाचत बसले. जोड म्हटलं की "एरर". वहीत ठळक अक्षरांत, दोनदा अधोरेखित केलेलं होतं: "एरर आला की पुढचं वाचत बसू नये. सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू करावं." डबा तसंच करत होता. एरर आला की सगळं बंद, मग पुन्हा हाक, पुन्हा नाव नोंदणी, पुन्हा इंटरनेट. अकरा सिग्नलात त्याला कधी पाच मिनिटं लागायची, कधी वीस. मला भीती वाटली की दहा मिनिटांत एकदा हे फार कमी होतंय. म्हणून मी ते दर पाच मिनिटांनी केलं. ते आणखी तुटायला लागलं. मी दोन मिनिटांवर आणलं. मग तर डबा दिवसभर नुसता दारात उभा राहून नाव सांगत होता. जितकी माझी काळजी वाढे तितकी त्याची शुद्ध हरपे.

बॅचचे शेवटचे दिवस आले. चौथी कात टाकून अळ्या करंगळीएवढ्या झाल्या आणि त्यांना भूक सुटली. त्या दिवशी दुपारी मी दारालगतच्या खोलीत केबल लावून बसले होते आणि आतून पावसाचा आवाज यायला लागला. आमच्याकडे केवड्याच्या बनावर पडतो तसला, बारीक, सलग, न थांबणारा. मी बाहेर पाहिलं तर उन्हानं आभाळ पांढरं. आवाज अळ्यांच्या खाण्याचा होता. हजारो तोंडं एकदम तुती कुरतडत होती. मी तशीच बसले. त्या कोरड्या मुलखात, उललेल्या टाचा घेऊन, दहा दिवसांनी टेंपोत बसायचं म्हणून मनात बांधाबांध चाललेली, आणि पलीकडे माझ्या घरचा पाऊस पडत होता.

विठ्ठलभाऊ पाल्याचा भारा घेऊन दारात टेकले. म्हणाले, "काय म्हनतो डबा?"

"एररच म्हणतो."

"आन त्याच्या खाली काय लिवलंय?"

त्याच्या खाली खरंच एक ओळ होती. रोज होती. पण वहीत लिहिलं होतं पुढचं वाचत बसू नये, म्हणून मी कधी बसले नव्हते. मला इंग्रजीची अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. मी एकेक अक्षर लावलं. ए, एल, आर. "अल... अलरे... ऑलरेडी."

"ऑलरेडी म्हंजी आदीच की," विठ्ठलभाऊ म्हणाले. "आपला बाजारातला व्यापारी न्हाई का म्हनत, ऑलरेडी भाव दिलाय म्हनून."

पुढचा शब्द मला येत होता. वहीत तो रोज लिहिलेला होता. कनेक्ट.

आधीच जोडलेलं आहे.

मी ती ओळ तीनदा वाचली. डबा तुटत नव्हता. पहिल्यांदा जोडला की छान जोडलेला राहत होता. मग माझी पोथी दहा मिनिटांनी येऊन पुन्हा म्हणायची, जोड. तो म्हणायचा, चूक, अहो जोडलेलंच आहे. ती फक्त पहिला शब्द ऐकायची आणि घाबरून सगळं उखडून टाकायची. ह्या पंधरा दिवसांत डब्याचं बोलणं तोडणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते दर दोन मिनिटांनी, मायेनं, तोडत होतं.

मी हसायला लागले. शेडमध्ये हसायचं नाही म्हणून पदर तोंडात कोंबला, तेव्हा आणखी आलं. गयाबाई आतून आल्या. "हिला काय झालं?"

"आदीच जोडेल हाय म्हंती," विठ्ठलभाऊंनी सांगितलं.

"मंग ही काय करून राह्यली होती इतके दिस?"

"तोडत होते," मी म्हणाले.

गयाबाईंनी कपाळाला हात लावला. "बया! मोल्टवर बसलेल्या अळीला रोज उचलून बघत होती म्हन की."

मी पोथी बदलली. वहीतच मागे एक आज्ञा होती, जोडणी कशी आहे ते नुसतं विचारायची. तिला पुढे आणलं. आधी विचार, जोडलेला असेल तर काही करू नको, गुपचूप तापमान पाठव. दहा मिनिटांनी एकदा, बस. अधोरेखित ओळ मी खोडली आणि शेजारी लिहिलं, "एरर आला की शांतपणे खालची ओळ वाचावी." माझ्या अक्षरात. वहीत लिहिण्याइतकं आपलं मोठेपण आहे का, असं तेवढ्यातही वाटून गेलं.

मग ते तीन दिवस. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण काही करायचंच नव्हतं, आणि मला त्याहून अवघड काम आजवर कुणी दिलेलं नाही. दुकानात बसून शेठच्या संगणकावर दर दहा मिनिटांनी एक आकडा उमटताना बघायचा. चोवीस. चोवीस. तेवीस. मी हात मांडीखाली दाबून बसायची. एकदा वाटलं, फक्त एक "एटी" पाठवू, नुसतं विचारू, बरा आहेस ना. शेठनी चष्म्यावरून पाहिलं. मी हात परत मांडीखाली घातले. जेवताना डावा हात मांडीखाली राहिला तेव्हा ताईनं विचारलं, मुंग्या आल्यात का.

अळ्या पिकल्या, पिवळसर पारदर्शक झाल्या, चंद्रिकांवर, म्हणजे कोष करायच्या जाळ्यांवर, चढल्या आणि डोकं हलवत हलवत स्वतःभोवती धागा गुंडाळू लागल्या. तीन दिवसांत एकही आकडा चुकला नाही. गयाबाईंचे कोष पांढरेशुभ्र, टणक निघाले. त्यांनी एक माझ्या कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. "बघ, जित्ती हाय," म्हणाल्या.

शेठ मात्र काही बोलेनात. रिळाचा विषय नाही, टेंपोचा नाही. मी त्या महिन्यात त्यांना निरनिराळ्या वाटांनी अकरा वेळा विचारलं असेल. आता बारावी वेळ तोंडाशी आली आणि मी ती गिळली. त्यांनाही कधीतरी स्वस्थ बसू द्यावं.

महिनाअखेरच्या सकाळी टेंपो दारात आला. गाद्या, कपाट, पाळणा, गॅस, सगळं चढलं. भावोजींनी वरून दोरी आवळून सात गाठी मारल्या. त्यांच्या गाठी दोरी कापल्याशिवाय सुटत नाहीत. मी बाळाला घेऊन उभी होते तेवढ्यात फोन वाजला. शेठ.

"कुठं हाय बेटा? जल्दी निघ. शहागडला गोदावरीच्या काठी एकाच्या पंपावर डबा बसवायचा हाय. वही घेऊन जा. आन येताना सोल्डरचं रीळ घेऊन ये, मोठं."

मी "हो शेठ" म्हणाले आणि फोन खाली घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "भावोजी, दोरी सोडाल का जरा? माझी ट्रंक काढायची होती."

भावोजींनी सात गाठींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की ड्रायव्हरनं तोंड फिरवलं.

"सोडू नका हो," ताई ओट्यावरून म्हणाली. "तिची ट्रंक चढवलेलीच नाहीये. मागच्या खोलीत आहे. घरमालकीणबाईंशी परवाच बोलून ठेवलंय मी."

"आणि शेठनी ठेवलं नसतं तर?" मी विचारलं.

"तर दुसरा शेठ बघितला असतास. काजू सोलायला परत पाठवायला मी तुला इतके दिवस एटी-एटी करू दिलं का?" मग बाळाला माझ्याकडून घेताना तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "आणि तेल लाव गं टाचांना."

टेंपो गेला. मी शहागडची एसटी धरली. अंबडच्या पुढे कधीतरी आठवलं की मागच्या खोलीची किल्ली ताईच्याच पर्समध्ये गेली. शहागडहून फोन करून सांगितलं, ती म्हणाली, रत्नागिरीला पोचले की पोस्टानं पाठवते. घरमालकीणबाईंनी त्यांच्याकडची दुसरी दिली, तिच्यावरून मी तिसरी करून घेतली.

ताईची किल्ली अजून आलेली नाही. मध्यंतरी मी आठवण केली तेव्हा ती म्हणाली, "असू दे गं एक माझ्याकडे. कधी आले आणि तू शेतात असलीस तर?"